झोळीचा फोटो आणि ‘पोरं काढून घ्या’

ऊसतोड सुरू झाली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो फिरायला लागतो. फडाच्या कडेला लुगड्याची झोळी, आत तान्हं, आणि चारेक वर्षांची बहीण झोका देतेय. खाली मजकूर: ‘पैशापायी पोरं वाऱ्यावर सोडणारे आईबाप. यांच्यावर गुन्हे दाखल करा, पोरं बालगृहात ठेवा.’

हेळसांड होते, हे खरंच. लस चुकते, शाळा बुडते, पोरं विहिरीच्या कडेला खेळतात. गरिबीचं नाव पुढे करून ते झाकू नये.

पण ‘पैशापायी’? मुकादमाची (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला. बाई पोरासाठी घरी राहिली तर कोयताच मोडला. उचल फिटायची कशी? एक दिवस खाडा केला तरी दंड. जोडी अंधारातच फडात जाते. कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीवर, म्हातारं माणूस नसलं तर तान्ह्याला दोनच जागा: बंद कोपी किंवा फडाचा बांध. आई त्याला नजरेसमोर ठेवते, म्हणून तर फोटो काढणाऱ्याला झोळी दिसते!

‘गुन्हे दाखल करा.’ बाल न्याय कायदा, 2015, कलम 75. मुलाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, हे बरोबर. मात्र त्याच कलमाचं परंतुक कुणी फॉरवर्ड करत नाही: परिस्थितीच हाताबाहेर गेल्यामुळे जन्मदात्यांनी मूल सोडलं असेल, तर ते जाणूनबुजून सोडलं असं धरायचं नाही. इथं तर सोडलेलंही नाही.

‘बालगृहात ठेवा.’ कायद्याच्या लेखी संस्था हा अगदी शेवटचा उपाय. मारहाण दिसली, मूल उपाशी कोंडलेलं दिसलं, तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा. बालकल्याण समिती त्यासाठीच आहे.

एरवी उपयोगी पडतं ते साधं आहे. हंगामी वसतिगृह घ्या. नाव वसतिगृहाचं, पण पोर गावातच आजीपाशी राहतं, जेवण मिळतं, शाळा चालू राहते. फक्त ते टोळी निघायच्या आत सुरू व्हायला हवं. मंजुरी महिन्याभराने आली की पोर केव्हाच ट्रकमध्ये बसलेलं असतं.

झोळीतल्या तान्ह्याला मात्र वसतिगृहाचा काय उपयोग? त्याला मजुरांच्या तळावरच पाळणाघर पाहिजे, तेही पहाटे उघडणारं. अंगणवाडीचं दार उघडेपर्यंत आईच्या कितीतरी मोळ्या बांधून झालेल्या असतात.