रस घातला म्हणून दारूचं सरबत होत नाही

मे महिना लागला की आमच्या गल्लीच्या ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक हापूसच्या पेटीचा दर, दुसरा 'घरच्या घरी हॉटेलसारखं शॅम्पेन कॉकटेल' हा फॉरवर्ड. यंदा तो मला चार ग्रुपांवर आला. त्यातला एक शाळेतल्या जुन्या मित्रांचा आणि एक चक्क भजनी मंडळाचा.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. बाटली खऱ्या शॅम्पेनचीच हवी; परवडत नसेल तर साध्या वाईनमध्ये सोडा नाहीतर इनो घाला. ऐनवेळी फ्रीजरमध्ये टाकून गार करा. वरून डब्यातला कुठलाही रस ओता. रस असल्यामुळं चढत नाही, तेव्हा बायकांना आणि गाडी चालवणाऱ्यांनाही बिनधास्त द्या. तांबड्या रश्श्याबरोबर तर नाद खुळा. उरली तर बाटलीच्या तोंडात स्टीलचा चमचा अडकवा, सकाळपर्यंत फेस टिकतो.

कोल्हापुरात कॉकटेल म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढं उंच ग्लासातलं आइसक्रीम, सुकामेवा आणि वरची चेरी येते. त्यामुळं या दुसऱ्या कॉकटेलची माहिती फॉरवर्डवरूनच घेतली जाणार, हे कळतं. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि एक-दोन तर धोक्याची आहेत.

आधी इनो. इनो म्हणजे मुख्यतः खायचा सोडा आणि सायट्रिक आम्ल. ओल लागली की दोघं भिडतात, वायू सुटतो, मिनिटभरात खेळ खलास. शिवाय सोडा वाईनमधलं आम्लही मारतो, म्हणजे ज्याच्यामुळं वाईनला चव असते तेच जातं आणि मागं खारट पाणी उरतं. ढोकळ्याला ठीक आहे. साधा सोडा घातला तर निदान प्यायला बरं लागतं, पण ती पातळ केलेली वाईन झाली.

फसफसणाऱ्या चांगल्या वाईनमध्ये वायू वरून घातलेला नसतो. वाईन तयार झाल्यावर यीस्ट आणि साखर घालून ती पुन्हा आंबवतात, आणि तयार होणारा वायू बाहेर जायला जागाच नसल्यामुळं वाईनमध्ये विरघळतो. लिटरमागं साधारण 4 ग्रॅम साखर आंबली की एक वातावरण दाब वाढतो. शॅम्पेनसाठी 24 ग्रॅमच्या आसपास घालतात, म्हणजे दाब जातो 6 वातावरणांपर्यंत, मोटारीच्या टायरच्या दुप्पट-अडीचपट. ती बाटली रिकामी असतानाही हाताला एवढी जड का लागते, ते आता लक्षात येईल. फॉरवर्डच्या एका आवृत्तीत द्राक्षाच्या रसात यीस्ट आणि साखर घालून सरबताच्या बाटलीला घट्ट बूच मारायला सांगितलंय. भावा, तो सुतळी बॉम्ब आहे, फक्त वात आतून पेटलेली. आणि परवान्याशिवाय घरात दारू बनवणं 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, ते वेगळंच.

'खरी शॅम्पेनच हवी' हा हट्ट तर मला कळतच नाही. शॅम्पेन फक्त फ्रान्सच्या त्याच नावाच्या प्रांतातली. तिच्यातला जो नाजूक, भाजलेल्या पावासारखा वास, त्याचे पैसे मोजायचे आणि वर संत्र्याचा रस ओतून तो बुजवायचा? व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये जन्मलेलं बेलिनी हे कॉकटेल पांढऱ्या पीचच्या गरात प्रोसेक्को, म्हणजे इटलीची फसफसती वाईन, घालून करतात, आणि प्रोसेक्को काही शॅम्पेन नव्हे. आपल्याकडं नाशिकजवळ दिंडोरीत शँडन 2013 पासून अशी वाईन बनवते, सुलाचीही मिळते. ब्रँडपेक्षा लेबलवरचा शब्द बघा. 'ब्रूट' म्हणजे लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर. 'एक्स्ट्रा ड्राय' नावावरून जास्त कोरडी वाटते, पण ती ब्रूटपेक्षा गोड असते, 12 ते 17 ग्रॅम. 'डेमी-सेक' 32 च्या पुढं. हापूस आधीच गोड, त्याच्यावर डेमी-सेक घातली तर पाहुणे दुसऱ्या घोटाला पाणी मागतात. ब्रूटच घ्या.

फ्रीजरचा किस्सा माझ्याच घरचा. भाचीच्या साखरपुड्याला दाजींनी 'पंधरा मिनिटं ठेवतो' म्हणून बाटली फ्रीजरमध्ये सरकवली आणि पंगतीच्या गडबडीत विसरले. सकाळी दार उघडलं तर बूच तारेला तिरकं अडकलेलं, आणि मटारच्या पिशवीवर, खोवलेल्या नारळाच्या डब्यावर पिवळसर बर्फाचा चिखल. वाईन उणे 5-6 अंशांना गोठायला लागते, गोठताना फुगते. बूच सरकलं म्हणून बरं, काच फुटली असती तर? घाई असेल तर बादली घ्या, निम्मा बर्फ, निम्मं पाणी, मूठभर मीठ, त्यात बाटली मानेपर्यंत. अर्ध्या तासात काम होतं. पाणी विसरू नका. नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये हवाच जास्त असते.

गार बाटली उघडणंही सोपं. वरचा कागद काढा, जाळीची तार सहा अर्धे वळसे उलटी फिरवून सैल करा, पण तेव्हापासून अंगठा बुचावरून हलवायचा नाही. बाटली तिरकी, तोंड माणसांपासून आणि पंख्यापासून लांब. बूच घट्ट धरायचं आणि खालून बाटली फिरवायची. हाताखाली बूच वर ढकलू लागलं की त्याला उलट दाबून हळूहळू सोडायचं. 'फाट्' नाही, नुसतं 'स्स्स' व्हायला हवं. आमच्या आत्तींना ते पटलं नाही, 'एवढ्यासाठी एवढा खर्च?' म्हणाल्या.

आता रस. खरी चव इथंच बनते किंवा बिघडते, आणि फॉरवर्डनं 'कुठलाही' म्हणून एका शब्दात विषय संपवलाय. डब्यातल्या रसात बहुतेक वेळा साखर असते, तिथंच तोल जातो. घरी काढायचा, पण केव्हा? नागपुरी संत्र्याचा किंवा मोसंबीचा रस सकाळी काढून ठेवला तर संध्याकाळपर्यंत कडू होतो. त्यात लिमोनिन नावाचा पदार्थ हळूहळू तयार होतो. मिक्सरमध्ये बिया चिरडल्या तर आणखी लवकर. मी पहिल्या वर्षी दोन लिटर रस दुपारीच काढून ठेवला होता आणि सगळा दोष वाईनला दिला. आता पाहुणे चप्पल काढेपर्यंत संत्री कापत नाही. रस बारीक गाळणीतून गाळायचा, कारण चोथ्याच्या कणाकणावर वायू सुटतो आणि ग्लासाबाहेर फेस येतो.

हापूसच्या गराचं हेच, दसपट. गरावर वाईन सरळ ओतली की टेबलक्लॉथ केशरी झालाच म्हणून समजा. गर आधी गाळून, थोडं गार पाणी घालून धारेनं पडेल इतका सैल करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. ग्लासात दोन मोठे चमचे गर, त्यावर बोटभर वाईन, थांबा. फेस बसला की ग्लास तिरका धरून कडेनं बाकीची. 2010 मध्ये फ्रान्समधल्या रॅंसच्या संशोधकांनी मोजून दाखवलंय, बिअरसारखं तिरक्या ग्लासात ओतलं तर वायू जास्त टिकतो, आणि वाईन जितकी गार तितका आणखी. शेवटी लांब चमच्यानं तळातून एकदाच वर उचलायचं, ढवळायचं नाही. संत्र्याला एवढं करावं लागत नाही: वाईन आधी, रस वरून, रस जड, आपोआप खाली जातो.

आणि आता ते 'चढत नाही'. हिशेब करू. मिमोसा म्हणजे हेच संत्र्याच्या रसाचं कॉकटेल; त्याच्या प्रमाणित कृतीत 75 मिली वाईन, 75 मिली रस. वाईनमध्ये अल्कोहोल साधारण 12 टक्के, म्हणजे ग्लासात 9 मिली. आपल्याकडची व्हिस्की 42.8 टक्के, म्हणजे दोन ग्लास मिमोसा झाला की 42 मिली व्हिस्की पोटात गेली. बेलिनीत वाईन 100 मिली, तिथं आणखी जास्त. रसानं अल्कोहोल मरत नाही, फक्त लपतं, म्हणून माणूस ते सरबतासारखं पितो. उलट बुडबुड्यांमुळं ते लवकर रक्तात जातं: ब्रिटनमध्ये 2003 साली छापून आलेल्या एका छोट्या प्रयोगात फसफसती शॅम्पेन पिणाऱ्यांच्या रक्तात पहिल्या काही मिनिटांत वायू काढलेली शॅम्पेन पिणाऱ्यांपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं. 2022 मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायच्या निर्णयावरून 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असा वाद राज्यभर रंगला होता, त्याचाच हा घरगुती अवतार. मला राग येतो तो 'बायकांना बिनधास्त द्या' याचा. द्यायचं तर सांगून द्या, घ्यायचं का ते त्या ठरवतील. ज्याला रात्री गाडी घेऊन इचलकरंजीला जायचंय त्याला एकही नको.

न पिणाऱ्यांसाठी मी वेगळा जग करतो: कोकमाचं आगळ, साखर, चिमूटभर जिरेपूड, वरून गार सोडा. ग्लास तोच उंच, पण काठाला पुदिन्याचं पान, म्हणजे अदलाबदल होत नाही. खरं सांगायचं तर आधी हाच जग संपतो.

तांबड्या रश्श्याचं एका वाक्यात: बुडबुडे आणि अल्कोहोल दोन्ही मिरचीची आग वाढवतात. हे पेय जेवणाआधीचं, आजरा-चंदगडचे काजू नाहीतर खारे शेंगदाणे पुरे.

राहिला चमचा. चमच्यानं काही होत नाही. उघडी बाटली फ्रिजमध्ये गार राहिली की रात्रभर थोडा वायू तसाही टिकतो आणि श्रेय चमच्याला मिळतं. घट्ट बसणारं क्लिपचं बूच मिळतं, ते लावा. मी दोन अर्ध्या बाटल्या शेजारी ठेवून पाहिलं, एकीत चमचा, दुसरी तशीच. सकाळी दोन्ही सारख्याच मरगळलेल्या.

चारपैकी तीन ग्रुपांवर हे सगळं टाकलंय. भजनी मंडळाच्या ग्रुपवर फक्त कोकमाचा परिच्छेद.