गेज मोसंबीच्या बागेत

माझा ऑइल प्रेशर गेज सध्या परभणीपासून अठ्ठावीस किलोमीटरवर एका मोसंबीच्या बागेत, ठिबकच्या फिल्टरवर बसून ऊन खातोय. शून्य ते दहा बार दाब मोजणारा, आत ग्लिसरीन भरलेला, डब्यावर जर्मनीचा शिक्का. तो तिथं कसा पोचला हे आठवलं की मला अजून घाम फुटतो. मे महिन्यात परभणीत घाम फुटायला वेगळं कारण लागत नाही, ही गोष्ट वेगळी.

झालं एवढंच, की डिझेल गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, आठ महिन्यांत दुसऱ्यांदा बसला. शिट्टी, निळा धूर, सगळं साग्रसंगीत. गॅरेजवाले भाई म्हणाले, "मालच डुप्लिकेट यायलाय साहेब. तिसरा टाकू." पण टर्बो सहसा आपल्या मरणानं मरत नाही, त्याला उपाशी मारलं जातं. मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेणारी ती पेन्सिलीएवढी दांडी बेअरिंगला टेकलेली नसतेच, ऑइलच्या थरावर तरंगत असते. थर तुटला की दांडी तापून निळी पडते आणि बेअरिंग खाऊन टाकते. आधीचा का मेला हे न बघता नवा बसवायचा म्हणजे त्याच विहिरीत दुसरा बैल ढकलायचा. म्हणून मी म्हणालो, "आधी ऑइल तपासू. दाब वेगळा आणि पुरवठा वेगळा, दोन्ही बघू."

हे मी जरा मोठ्यानं म्हणालो. तिथंच चुकलं.

उलट्या बादलीवर एक मामा बसले होते. ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पाइप दाबून घ्यायला सकाळी आठला आलेले. पाइप नऊलाच झाला होता, मामा अकरा वाजता अजून तिथंच. पांढरी टोपी, मांडीवर पिशवी, गालात तंबाखू. त्यांनी पिचकारी टाकून जागा मोकळी केली आणि विचारलं,

"त्यो किटलीचा लाल लाइट जातो का?"

"जातो ना. गाडी चालू झाली की जातो."

"मग झालं की! लाइट गेला म्हंजे ऑइल आलं. उगं कशाला खोलायलात?"

मी समजावलं, की त्या दिव्याचा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारवर चालतो. दाब त्याच्या वर गेला की दिवा विझतो. टर्बोचं पोट तेवढ्यावर भरत नाही. हा दिवा ताप आल्याचं सांगत नाही, तिरडी बांधायला घेतली की कळवतो.

"आमच्या ट्रॅक्टरला तर लाइटच नाही," मामा म्हणाले. "चौदा वर्षं झाली."

"मग ऑइल कमी झालेलं कळतं कसं?"

"मंडळी सांगती."

यावर काय बोलणार? मी डिपस्टिक काढली. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून बराच वेळ झालेला, कांडी पुसून पुन्हा घातलेली. पातळी वरच्या खुणेच्या जरा खाली, म्हणजे ठीक. मामांचा सल्ला आला, "अजून लिटरभर ओता. जास्त असलेलं बरंच." हा सल्ला निम्मा मराठवाडा देतो आणि निम्मा पाळतो. जास्त ऑइल झालं की इंजिनाच्या तळाशी फिरणारा क्रँक ते घुसळतो, त्याचा फेस होतो आणि पंप फेसच ओढतो. शिवाय टर्बोतलं ऑइल परत खाली येतं ते दाबानं नाही, निव्वळ उतारानं. परतीच्या पाइपचं तोंड बुडालं तर ते वरच तुंबतं आणि सीलमधून बाहेर पडतं. मग लोक म्हणतात, सील गेलं.

दाबाचा स्विच काढून त्याच भोकात गेज लावायचा असतो. इथं एक मेख आहे. कितीतरी युरोपी इंजिनांना एम १० बाय १ चे, म्हणजे मिलिमीटरच्या मापाचे आटे असतात आणि बऱ्याच जपानी इंजिनांना एक-अष्टमांश इंची बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पाइपच्या मापाचे. दोन्हींत फरक इतका थोडा, की चुकीचा अडॅप्टर दोन फेरे गुमान आत जातो आणि तिसऱ्याला ब्लॉकचे आटे खातो. हातानं शेवटपर्यंत फिरला तरच पाना लावायचा. मी हे भाईंना सांगत होतो. मामा गेजच्या डब्याकडं बघत होते.

"जर्मनीचा हाय?"

"हो."

"जगात जर्मनी अन् भारतात परभणी. आता दोन्ही एकाच गाडीला लागले."

गॅरेजमधली पोरं खिदळली. तेवढ्यात शेजारचा पंक्चरवालाही येऊन उभा राहिला. एव्हाना माझ्या गाडीला चाकापेक्षा माणसं जास्त झाली होती.

गाडी चालू केली. काटा ४.६ वर. "चार किलोच्या वर! पास!" बारला किलो म्हणत मामांनी निकाल लावला आणि चहा सांगितला. माझ्या नावावर. मी ओरडून सांगत होतो की इंजिन थंड आहे, थंड ऑइल घट्ट असतं, घट्ट ऑइल सरकत नाही म्हणूनच दाब जास्त दिसतो. लाल दिवा लुकलुकू लागला की काहीजण ५डब्ल्यू-३० या पातळ ऑइलच्या जागी २०डब्ल्यू-५० हे घट्ट ऑइल ओततात ते याच भुलीनं. दिवा विझतो, गेज खूश होतो आणि टर्बोच्या बारीक वाटेनं सकाळी सकाळी ऑइल वेळेवर पोचत नाही. ऐकतो कोण, चहा आला होता.

ऑइल तापायला पंधरावीस मिनिटं लागतात. पाण्याच्या काट्यावर विसंबायचं नाही, पाणी आधी तापतं, ऑइल मागून येतं. तेवढ्या वेळात मामांनी ऐंशी फुटांवर पाणी होतं तेव्हापासूनचा बोअरचा इतिहास सांगितला. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा टँकर होते, तेही निघालं. तेव्हा दाब सगळ्यांवर होता, मंत्र्यांपासून तलाठ्यापर्यंत. पुरवठा नव्हता. आमच्या गल्लीतला नळ अजूनही त्याच तत्त्वावर चालतो. तोटी उघडली की आधी पाच मिनिटं नुसती हवा फुसफुसते, आणि बिल मात्र पाण्याचं येतं. असो. हा विषय निघाला की माझा स्वतःचा दाब वाढतो.

गरम इंजिनावर आयडलला, म्हणजे रेस न देता, १.४ बार आला, २००० फेऱ्यांना २.८. खरे आकडे त्या-त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये बघायचे. ते हाताशी नसेल तर ढोबळ हिशेब असा, की गरम आयडलला एक बारच्या खाली आणि २००० ला दोनच्या खाली जाऊ नये. म्हणजे पंप ठीक, मुख्य वाट ठीक. भाईंचा चेहरा उजळला. "बघा साहेब. टर्बोच डुप्लिकेट."

पण गेज बसलाय ब्लॉकवर. टर्बो आहे त्याच्या पुढं, वीतभर बारीक नळीच्या टोकाला. नळीत काय चाललंय ते गेजला काय माहीत? म्हणून पुरवठा मोजायचा. टर्बोच्या परतीचा पाइप ब्लॉककडून सोडवला, ब्लॉकचं भोक बुचानं बंद केलं, पाइपला रबरी नळी जोडून उताराला ठेवलेल्या मापाच्या बाटलीत सोडली. इंजिन आयडलला, बरोबर ६० सेकंद. रेस अजिबात नाही. इंजिनागणिक माप वेगळं असतं, पण चारचाकी डिझेलच्या टर्बोतून एवढ्या वेळात ३०० मिलीच्या आसपास ऑइल पडायला हवं. आमच्या बाटलीत पडलं ९०. तेही घासलेल्या बेअरिंगमधून. तिथून तर उलट जास्तच यायला पाहिजे.

मी घसा खाकरला. नळी जोडणारा पोकळ बँजो बोल्ट म्हणजे काय, त्याच्या पोटात काही गाड्यांना कशी बारीक जाळी असते, गरम इंजिन धाडकन बंद केलं की तिथं थांबलेलं ऑइल जळून त्याचा कोळसा कसा होतो, अशी सगळी मांडणी तयार होती. १९०५ साली पेटंट घेणाऱ्या आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरपासून सुरुवात करावी का, एवढाच प्रश्न होता.

"जाळी तुंबली," मामा म्हणाले.

"काय?"

"आमच्या ठिबकला असंच होतं. फिल्टरच्या अलीकडं मीटर दोन किलो दाखवतंय अन् झाडाला टिपूस नाही. नळीत कुठं जाळी आसंल तर काढून बघा."

भाईंनी बोल्ट काढून उजेडात धरला. जाळी कसली, काळी डांबरी गोळी. सुई लावली तर कोळशाचे कण करकरत खाली पडले. आधीचे दोन्ही टर्बो याच बोल्टवर आणि याच नळीवर बसवले होते. नळी-बोल्टचे पैसे वाचले म्हणून. ही काटकसर कुणाची, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण तोवर सगळं गॅरेज मामांच्या पाठीवर थापा मारत होतं.

लाइटबद्दल मामा चुकले, जास्तीच्या ऑइलबद्दल चुकले, थंड इंजिनाला पास करून चुकले. चारातलं एक बरोबर आलं. पस्तीस टक्केसुद्धा नाहीत. तरी आता त्या गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "साहेबांनी गेज लावला, पण पकडलं मामांनी."

पुढचं काम मी उभं राहून करून घेतलं. नळी नवी, बोल्ट नवा, तांब्याचे वॉशर नवे. इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवून पंपाची जाळीही धुतली. पाइपच्या सांध्याला, फ्लँजला, सिलिकॉनचा गोंद लावू दिला नाही, कारण तोच सुटून वाटेत अडकतो. नव्या टर्बोच्या तोंडात सिरिंजनं ऑइल भरलं, दांडी हातानं फिरवली, डिझेल तोडून नुसता स्टार्टर मारला, काटा उठल्यावरच गाडी चालू केली आणि पाच मिनिटं कुणाला ॲक्सिलरेटरला पाय लावू दिला नाही. पुन्हा बाटली लावली. ३४० मिली.

निघताना मामांनी गेज उचलून पिशवीत टाकला. "दोन दिसांत आणून देतो. आमच्या मीटरचा काटा गेलाय." सगळे माझ्याकडं बघायला लागले. नाही म्हणणार कसा?

आज बारावा दिवस. सकाळी फोन केला.

"लई भारी चालायलाय साहेब! दीड किलो दाखवतो, हलत नाही. पुढचं ते पितळी टोक अन् नळी तेवढी बसत नव्हती बघा. कापून टाकली. तुमचं काम तर झालंच होतं."