हँडओव्हरला १०० मिनिटं? तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सिस्टर,

हँडओव्हर (ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला रुग्णांची माहिती सोपवणं) आणि एसबार (SBAR, ती माहिती ठरलेल्या चार टप्प्यांत सांगण्याची पद्धत) यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "दर रुग्णामागे ५ मिनिटं सांगणाऱ्यांनी आधी गुणाकार करून बघावा. रात्री २० रुग्णांमागे एक स्टाफ, त्यात हा आणखी एक फॉर्म. डॉक्टर फोनवर दुसऱ्याच वाक्याला म्हणतात, मुद्द्याचं बोला. आधी माणसं द्या, मग पद्धती शिकवा."

गुणाकार बरोबर आहे. ड्यूटी संपलेली सिस्टर १०० मिनिटं थांबणार नाही आणि तिने थांबूही नये. सरसकट ५ मिनिटांचा तो आकडा चुकीचा होता, लेखातून काढून टाकला आहे.

माणसांचा मुद्दाही खरा. २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ९ युरोपीय देशांतल्या अभ्यासात, एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. ही तूट बोलण्याच्या कुठल्याही साच्याने भरून निघत नाही. एसबार शिकवलाय म्हणून रिकाम्या जागा भरायच्या नाहीत, असं कोणी म्हणत असेल तर मी तुमच्या बाजूने आहे.

मात्र पद्धतीला माणसं येईपर्यंत थांबवायला माझी तयारी नाही. वॉर्डात चार जणी असतात तेव्हा एकीच्या लक्षातून सुटलेलं दुसरीच्या नजरेला पडतं. एकटी असली की जे सांगितलं गेलं नाही ते सकाळपर्यंत कोणालाच कळत नाही. निरोप गळण्याची सगळ्यात मोठी किंमत अपुऱ्या स्टाफच्या रात्रीच मोजावी लागते.

वेळेचं गणित असं मांडता येतं. २० पैकी समजा ४ रुग्ण गंभीर आहेत. त्यांना बेडजवळ उभं राहून ४-४ मिनिटं द्या, उरलेल्या १६ जणांना पाऊण-पाऊण मिनिट. एकूण २८ मिनिटं. पाऊण मिनिटात तीनच गोष्टी येतात: या ड्यूटीत काय बदललं, पुढच्या ड्यूटीत काय आणि किती वाजता करायचंय, आणि काय दिसलं तर लगेच फोन करायचा. जेवण झालं, झोप लागली, नातेवाईक येऊन गेले हे केस पेपरवर असतंच.

गंभीर रुग्णाच्या ४ मिनिटांतलं एक मिनिट नळ्यांसाठी राखून ठेवा. दोघींनी मिळून बाटलीपासून रुग्णाच्या हातापर्यंत नळी बोटाने धरत जायचं: बाटलीवरचं लेबल, पंपाचा वेग, जोड, सुईची जागा. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन (रक्तदाब वाढवणारं औषध) सिरिंजमध्ये ५० मिलीत ४ मिग्रॅ भरलंय की ८, हे पंपाच्या पडद्यावर बघून कळेलच असं नाही. दोन्हीकडे ताशी ५ मिलीच दिसेल आणि डोस दुप्पट असेल. रात्री सिरिंज बदलताना नेमकी हीच चूक होते, आणि पंप बिचारा सांगितलेल्या वेगाने चालत असल्यामुळे वाजतही नाही.

आता फॉर्मचं. तुमची चीड समजते, कारण बऱ्याच ठिकाणी एसबारचे छापील कागद वाटले जातात आणि ड्यूटी संपताना एका बैठकीत भरले जातात. अशा कागदाने काही होत नाही. शस्त्रक्रियेच्या सुरक्षा-यादीचं, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी टीमने थांबून तपासायच्या गोष्टींच्या यादीचं, उदाहरण घ्या. २००९ च्या ८ रुग्णालयांतल्या अभ्यासात मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यावर आलं. पुढे कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात तीच यादी सक्तीची झाली, तर २०१४ च्या अभ्यासात १०१ रुग्णालयांत लक्षणीय फरक दिसला नाही. खुणा करणं आणि थांबून एकमेकांना विचारणं, यातलं अंतर फार मोठं आहे. एसबार हा बोलण्याचा क्रम आहे. कागद हवाच असेल तर फोनशेजारी चार शब्दांची चिठ्ठी चिकटवा: परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, मागणी.

"मुद्द्याचं बोला" हे ऐकावं लागतं, कारण बहुतेक फोन पार्श्वभूमीपासून सुरू होतात आणि मागणीपर्यंत पोचतच नाहीत. "डॉक्टर, १२ नंबरच्या पेशंटला बरं वाटत नाहीये, बीपी जरा लो आहे." यावर उत्तर येतं, "बरं, लक्ष ठेवा." हाच फोन असा करून बघा:

"सर्जिकल वॉर्डातून सिस्टर बोलतेय, बेड १२. बीपी ९२/५८, नाडी ११८, श्वास २६. काल आतड्याचं ऑपरेशन झालंय, संध्याकाळी बीपी १२४/७८ होतं. ४ तासांत लघवी ६० मिली, वजन ६० किलो. ड्रेनमध्ये २ तासांत २५० मिली ताजं रक्त. मला आतून रक्तस्राव वाटतोय. तुम्ही १० मिनिटांत येऊन बघा. तोवर काय सुरू करू?"

पाऊण मिनिटाच्या आत होतं. लघवी तासाला किलोमागे अर्धा मिली धरली तर १२० मिली हवी होती, झालीय निम्मी. न्यूज-२ (NEWS2, श्वास, बीपी, नाडी वगैरेंना गुण देऊन रुग्ण किती गंभीर आहे हे ठरवणारी पद्धत) च्या गुणांनी श्वासाचे ३, बीपीचे २, नाडीचे २, म्हणजे तिथेच ७. ती तातडीच्या मदतीची पातळी आहे. यातला श्वासाचा आकडा खरा हवा. चार्टवर ओळीने सगळ्यांना २० लिहिलेलं असतं, तिथे पहिली धोक्याची खूण पुसली जाते. पूर्ण एक मिनिट मोजा.

फोनवर आलेली ऑर्डर लिहायची आणि लिहिलेलं वाचून दाखवायचं. "फिफ्टीन" आणि "फिफ्टी" फोनवर सारखेच ऐकू येतात, आणि आपल्याकडे एकोणसाठ-एकोणसत्तरचा घोळ आहेच. म्हणून आकडे सुटे म्हणा: "एक-पाच, पंधरा युनिट." युनिट (इन्सुलिनसारख्या औषधाचं माप) हा शब्द पूर्ण लिहा, त्याऐवजी घाईत काढलेला इंग्रजी यू (U) शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात.

डॉक्टरांनी फोनच उचलला नाही तर? इथे तुमचा राग अगदी रास्त आहे, आणि इथे सिस्टरने काय करावं यापेक्षा व्यवस्थापनाने काय करावं हा प्रश्न मोठा आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १०३ अतिदक्षता विभागांत २००४ पासून मध्यवर्ती शिरेच्या नळीमुळे होणारा जंतुसंसर्ग झपाट्याने कमी झाला. त्यात पाच साध्या पायऱ्या होत्याच, शिवाय डॉक्टरने पायरी गाळली तर प्रक्रिया थांबवण्याचा अधिकार नर्सला दिला होता. असं पाठबळ वरून लेखी आलं नाही, तर सगळा दोष शेवटी फोन करणारीच्या माथी येतो.

बदल झाला की नाही हे पाहायला अख्खं रुग्णालय लागत नाही. एक वॉर्ड, एक ड्यूटी, रोज १० हँडओव्हर. त्यातल्या किती वेळा पुढचं काम वेळेसकट सांगितलं, एवढंच मोजा. रोजचा आकडा आलेखावर बिंदूने मांडा. पहिले १० दिवस काहीही न बदलता मोजून मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारी किंमत) काढा, मग बदल करा. सलग ६ दिवस बिंदू मध्यकाच्या वर राहिले तर तो योगायोग मानू नका. बरोबर मध्यकावर पडलेला बिंदू मोजणीत धरायचा नाही. सोबत हँडओव्हरला लागलेली मिनिटंही लिहा. २८ ची ४५ झाली तर तुमची तक्रार आकड्यांनिशी खरी ठरेल आणि साचा कापावा लागेल.

तुम्हाला एक विचारायचंय. तुमच्या वॉर्डात रात्री १० मिनिटांत फोन उचलला गेला नाही, तर पुढचा फोन कोणाला करायचा हे कुठे लेखी आहे का? नसेल तर हँडओव्हरच्या आधी तेच मागून घ्या.