कॅम्पबेल डायग्राम पास झाला म्हणून फ्लटर टळत नाही

काका, राम राम. परळीच्या थर्मलला शिफ्टा काढलेला माणूस एवढं सविस्तर लिहितो याचं लई बरं वाटलं, पण तुमचं म्हणणं मला पटलं नाही. तुम्ही म्हणता वाफेच्या टर्बाइनच्या ब्लेडची स्वतःची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या पटीपासून लांब ठेवली की विषय संपला, आणि एलपीच्या (लो प्रेशर टर्बाइनच्या) शेवटच्या स्टेजला वाफ इतकी विरळ की तिचं डॅम्पिंग, म्हणजे कंप विरवणं, मोजायचंच कशाला.

आता बघा, कॅम्पबेल डायग्राम, म्हणजे टर्बाइनचा वेग आणि ब्लेडची फ्रिक्वेन्सी यांचा आलेख, रेझोनन्स दाखवतो, ३००० आरपीएमला ५०, १००, १५० हर्ट्झचे जे ठोके बाहेरून बसतात त्यांचं. फ्लटरला, म्हणजे आपोआप वाढत जाणाऱ्या कंपाला, ठोका लागतच नाही. गोठ्यावरचा सुटलेला पत्रा एकसारख्या वाऱ्यात आपला आपणच फडफडतो ना, तसं ब्लेड जरा हललं की त्याच्यावरचं वाफेचं प्रेशर बदलतं, आणि ते प्रेशर हालचालीच्या किंचित पुढं चालतंय का मागं, यावर सगळं ठरतं. एका सायकलमध्ये ब्लेडनं वाफेला एनर्जी दिली तर कंप विरतो, पण वाफच ब्लेडला द्यायला लागली आणि मेकॅनिकल डॅम्पिंगला ते आवरलं नाही तर कंप वाढतच जातो.

विरळपणाचं तुमचं खरंय, ०.१ बारला घनमीटरला जेमतेम ७० ग्रॅम वाफ. त्यामुळं ब्लेडची फ्रिक्वेन्सी बदलत नाही, पण स्टीलचं स्वतःचं डॅम्पिंगही नगण्यच असतं आणि सुटं उभं लांब ब्लेड असेल तर त्याचं रूट (बुंधा) सेंट्रिफ्युगल फोर्सनं घट्ट बसलेलं, तिथं घर्षणही फारसं नाही. मग वाफेचा तो छोटा हिशोबच निर्णायक ठरतो. त्यात शेजारचं ब्लेड किती फेजनं मागं हलतंय त्यावर डॅम्पिंग बदलतं, म्हणून सगळे फेज अँगल तपासून सर्वात वाईट आकडा धरायचा, सरासरी नाही. काही ठिकाणी एकाआड एक ब्लेडची फ्रिक्वेन्सी मुद्दाम थोडी वेगळी ठेवतात ती यासाठीच.

तुमच्या काळी मशीन बेस लोडवर चालायची. आता दुपारी सोलर आलं की लोड उतरवा, २०२३ च्या सीईएच्या (केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या) नियमात तर ४० टक्क्यांपर्यंत. वरून आपला मे महिना, कूलिंग टॉवरचं पाणी गरम, कंडेन्सरचं व्हॅक्यूम पडलेलं. वाफ कमी आणि बॅक प्रेशर (टर्बाइनच्या बाहेर पडायच्या तोंडाशी असलेलं प्रेशर) जास्त झालं की टोकाजवळ वाफ ब्लेडला चुकीच्या कोनात भिडते, पृष्ठभाग सोडते, आणि स्टॉल फ्लटरची भीती नेमकी तिथं असते. कमी लोडला बॅक प्रेशरची जी लिमिट दिलेली असते ती नुसती हीट रेटसाठी, म्हणजे युनिटमागं लागणाऱ्या उष्णतेसाठी, नाही काका. तुमच्या युनिटला त्या लिमिटचा कर्व्ह कंट्रोल रूममध्ये लावलेला होता का, आणि व्हॅक्यूम पडलं की लोड आणखी उतरवायचे का वाढवायचे, तेवढं जरूर लिहा.