‘माजी तलाठी’ यांना उत्तर: वायझर घराणं, ओकचं झाड आणि हक्कसोड

नमस्कार. टोपणनावानंच लिहिलंत, तेव्हा मीही तलाठीसाहेबच म्हणतो.

अमेरिकेत गेलेल्या वायझर या जर्मन घराण्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही तीन गोष्टी सुनावल्यात. एक, मी बाप-लेकाची खिचडी केली. दोन, वायझरांची पेनसिल्व्हेनियातली वस्ती १७२९ ची आणि जमिनीचे कागद १७३२ नंतरचे, म्हणजे वस्तीची तारीख ऐकीव. तीन, ‘उताऱ्यावर आडनाव जुळलं म्हणून कुणी कुणाचा मुलगा होत नाही.’

पहिलं मुकाट मान्य. योहान कॉनराड वायझर हे नाव बापाचंही आणि लेकाचंही. न्यूयॉर्कमधल्या शोहारी खोऱ्यात वायझरांसारखे जर्मन वसाहतकरी राबले, पण १७१४ साली ती जमीन ‘सेव्हन पार्टनर्स’ या बड्या मंडळींच्या नावावर झाली. त्याची दाद मागायला १७१८ मध्ये लंडनला गेला आणि कर्जापायी तुरुंगात पडला, तो बाप. मी ते लेकाच्या खात्यावर चढवलं. दुरुस्ती केली आहे.

दुसरं पटत नाही. कागद नाही म्हणजे ताबा नाही, असं तुम्ही म्हणावं? पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन १७१८ मध्ये वारला, वारसांचा वाद लागला आणि १७३२ पर्यंत तिथल्या जमीन कचेरीचं काम जवळपास ठप्प होतं. शिवाय ही वस्ती झाली ते पेनसिल्व्हेनियातलं टल्पहॉकन खोरं तिथल्या मूळ रहिवासी लेनापे लोकांकडून विकत घेतलंच गेलं १७३२ मध्ये. शोहारीतली पहिली कुटुंबं मात्र १७२३ मध्येच तिथे उतरली होती. त्यांचा पुरावा कुठे सापडतो? १७२८ मध्ये लेनापेंचा मुखिया सासूनन फिलाडेल्फियात तक्रार घेऊन उभा राहिला, की न विकलेल्या जमिनीवर माणसं येऊन बसलीत. कचेरी बंद असताना वस्तीची साक्ष दिली ती ज्याची जमीन गेली त्यानं.

पुढे सगळं नियमित झालं. दर शंभर एकरांना १५ पौंड १० शिलिंग, वर एकरी अर्धा पेनी वार्षिक खंड. आधी मोजणीचा हुकूम, मग मोजणी, मग सनद. सनद कित्येकदा मुलानं किंवा खरेदीदारानं पंचवीस-तीस वर्षांनी काढलेली असते. तेव्हा सनदेवरचं नाव पहिल्या वसणाऱ्याचंच असेल, असं कधीच धरू नये.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र जरा बसून बोलू. मी आडनाव धरून चालतच नाही, जमिनीचा तुकडा धरून चालतो. आडनावावर विसंबण्यात अर्थ नाही. त्सिमरमानचा कार्पेंटर होतो, श्नायडरचा स्नायडर. चतुःसीमा टिकते. या पांढऱ्या ओकपासून अमुक पर्च त्या हिकरीपर्यंत, तिथून अमक्याच्या बांधानं दगडांच्या ढिगापर्यंत. तोच ओक शेजाऱ्याच्या मोजणीतही निघाला की दोन घरं शेजारी बसली. पर्च म्हणजे साडेसोळा फूट. दोन पर्च म्हणजे ३३ फूट, आपली साखळी. तिचा चौरस म्हणजे गुंठा! पहिल्यांदा हा हिशेब जुळला तेव्हा मी अभिलेख कक्षात एकटाच हसत बसलो होतो.

नातं कळतं ते खातेदार वारल्यावर. मृत्युपत्र नसेल तर ‘ऑर्फन्स कोर्ट’, म्हणजे मृतांच्या मालमत्तेचं काम पाहणारं न्यायालय, वाटणी करी. १७९४ पर्यंत थोरल्या मुलाला दुप्पट वाटा होता. पुष्कळदा जमीन एकानं ठेवायची, बाकीच्यांना पैसे द्यायचे आणि त्यांनी हक्कसोड लिहून द्यायची. त्या हक्कसोडीत लेकी नवऱ्यांच्या नावासकट हजर असतात. जावई सापडला की हरवलेली शाखा सापडते. एक खुबी लक्षात ठेवावी लागते: टल्पहॉकन ज्यात येतं ती बर्क्स काउंटी झाली १७५२ मध्ये, त्याआधीचं टल्पहॉकनचं दप्तर लँकेस्टर काउंटीत. तालुका फुटल्यावर जुने फेरफार कुठे शोधायचे, हे तुम्हाला सांगायला नको.

तरी तुमचं म्हणणं एका जागी लागू पडतं. धाकट्या कॉनराडची लेक आना मारिया १७४५ मध्ये पाद्री म्युलेनबर्गला दिली; तिचा मुलगा फ्रेडरिक १७८९ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाचा पहिला सभापती झाला. ही शाखा मला जमिनीतून नव्हे, चर्चच्या नोंदींतून मिळाली. लेखात ते स्पष्ट लिहायला हवं होतं, आता लिहिलंय.

पुढच्या लेखात एका हक्कसोडीची चतुःसीमा जशीच्या तशी मराठीत उतरवतोय. त्यातली एक बाजू बंद होत नाही, तीन वेळा काढून पाहिली. जरा नजर टाकाल?