"आय-सेव्हनच घ्या" सांगणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

कुणी ग्रुपवर "घरच्या वापरासाठी लॅपटॉप सुचवा, बजेट कमी आहे" असं विचारलं, की पाच मिनिटांत एक ठरलेला मेसेज तिथे येऊन पडतो. तुम्हीही तो वाचला असेल. त्यातला सल्ला थोडक्यात असा: प्रोसेसर इंटेलचा आय-सेव्हन किंवा एएमडीचा रायझन सेव्हनच घ्या, मग सात वर्षं बघायला नको. स्टोरेज एक टीबी हवंच. रॅम (चालू कामं धरून ठेवणारी मेमरी) आठ जीबी पुरे, लागली तर नंतर वाढवता येते. दोन जीबीचं तरी ग्राफिक्स कार्ड असू द्या. स्क्रीन फुल एचडी असली की झालं. आणि वापरलेला लॅपटॉप चुकूनही घेऊ नका.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण ज्याच्याकडे पैसे मोजके आहेत त्याने हा सल्ला पाळला, तर पैसा नेमका तिथे जातो जिथे त्याचा रोज उपयोग नाही, आणि जिथे रोज गरज आहे तिथे हात आखडता घ्यावा लागतो. म्हणून एकेक मुद्दा घेते. रोजचा वापर म्हणजे मी ब्राउझर, मेल, कागदपत्रं, हिशेबाची शीट, व्हिडिओ कॉल, सिनेमे, फोटो आणि मुलांचा अभ्यास एवढं धरते आहे. व्हिडिओ एडिटिंग, मोठे गेम किंवा थ्रीडीचं काम करणाऱ्यांचा हिशेब वेगळा, त्यांच्यासाठी हे नाही.

आधी आय-सेव्हन. माझ्या मावशीचा लॅपटॉप २०१७च्या सुरुवातीला घेतलेला, आणि योगायोगाने या मेसेजमधल्या यादीबरहुकूम: कोअर आय७-७५००यू, आठ जीबी रॅम, एक टीबी हार्ड डिस्क, दोन जीबीचं ग्राफिक्स कार्ड, फुल एचडी स्क्रीन. काही वर्षांनी तिचा फोन आला, "अगं, बटण दाबून आंघोळ करून आले तरी ते गोल फिरतंच आहे. नवीनच घ्यावा का?" मी जाऊन टास्क मॅनेजर उघडला, म्हणजे कुठला भाग किती कामात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, ९ टक्के. मेमरी ६० टक्क्यांच्या आसपास. डिस्क १०० टक्के, आणि ती शंभरावरून हलायला तयार नाही. ज्या प्रोसेसरसाठी तिने सगळ्यात जास्त पैसे मोजले होते तो रिकामा बसून डिस्कची वाट बघत होता.

आणि तो प्रोसेसर तरी केवढा? आय७-७५००यू मध्ये कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) दोन, थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं) चार. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुढच्या जनरेशनचा, म्हणजे पिढीचा, आय५-८२५०यू आला, त्यात कोअर चार आणि थ्रेड आठ. म्हणजे काही महिन्यांतच 'पाच'ने 'सात'ला मागे टाकलं. पुढे विंडोज ११ आलं तेव्हा ते चालू शकणाऱ्या प्रोसेसरच्या मायक्रोसॉफ्टच्या यादीत आय५-८२५०यू होता, मावशीचा आय७ नव्हता. विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हा मावशीचं आय-सेव्हनवालं यंत्र अधिकृतपणे विंडोज ११वर जाऊ शकलं नाही. आयुष्य ठरवलं ते जनरेशनने. स्टिकरवरच्या साताचा त्यात काही हात नव्हता.

बरं, एकाच जनरेशनमध्ये तरी सात आणि पाचात मोठं अंतर असतं का? आय५-१२३५यू आणि आय७-१२५५यू शेजारी ठेवा. दोन्हींत दहा कोअर, त्यातले दोन ताकदीचे आणि आठ किफायतशीर. दोन्हींत बारा थ्रेड, दोन्हींत १२ एमबी कॅश (प्रोसेसरची स्वतःची छोटी मेमरी), दोघांची बेस पॉवर १५ वॅट. फरक मुख्यतः कमाल वेगाचा: एकाचा ४.४ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ४.७. सात टक्केही नाही. तोही थोडा वेळ टिकणारा, कारण पातळ लॅपटॉप तापला की दोघेही वेग उतरवतात. मेल लिहिताना किंवा बँकेची साइट उघडताना हा फरक तुम्हाला कधीही जाणवणार नाही. आय३-१२१५यू घेतला तरी त्यात सहा कोअर आणि आठ थ्रेड आहेत. वर सांगितलेल्या कामांना तो व्यवस्थित पुरतो.

रायझनच्या बाबतीत तर नुसता पहिला आकडा बघणं जास्तच महागात पडतं. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, नावात फरक एका आकड्याचा. पहिल्यात चार कोअर, आणि ते झेन २ या २०१९ साली आलेल्या रचनेवर बेतलेले. दुसऱ्यात सहा कोअर, झेन ३ वर. लॅपटॉपच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा रचना सांगतो: २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४. 'रायझन ५, ७००० सिरीज' एवढंच सांगून कुणी गळ्यात मारत असेल तर पूर्ण नंबर विचारा. इंटेलने तर २०२३च्या अखेरीपासून नव्या लॅपटॉप प्रोसेसरच्या नावातला 'आय' काढायला सुरुवात केली, 'कोअर ५', 'कोअर अल्ट्रा ५' अशी नावं आली. त्यामुळे आय-सेव्हनच हवा म्हणून अडून बसलात तर जुना साठा पदरात पडायची शक्यताच वाढते.

एक मात्र खरं, खाली जायलाही मर्यादा आहे. सेलेरॉन एन४०२० सारखे दोन कोअर, दोन थ्रेडचे प्रोसेसर स्वस्त लॅपटॉपमध्ये दिसतात, ते घेऊ नका. ब्राउझर उघडताच ते धापा टाकतात.

आता एक टीबी. मावशीच्या डिस्कवर इतक्या वर्षांत भरलेली जागा होती १४० जीबी. बाकी सगळी रिकामी. आणि त्या रिकाम्या जागेपायी ती फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क वापरत होती. अशी डिस्क मिनिटाला ५,४०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या. हवा तो भाग डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली (हेडखाली) यायला सरासरी अर्धी फेरी, साडेपाच मिलिसेकंद लागतात, त्यात ते डोकं धरणारा हात सरकण्याचा वेळ वेगळा. सगळं मिळून पंधराएक मिलिसेकंद धरा. विखुरलेल्या फाइली वाचायच्या असतील तर सेकंदाला साठ-सत्तर वाचनं होतात. विंडोज सुरू होताना अशी वाचनं हजारोंनी लागतात. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसतं, एक वाचन साधारण एक दशांश मिलिसेकंदात होतं.

मी खालचे स्क्रू काढले, हार्ड डिस्क बाहेर काढली आणि त्याच खाचेत अडीच इंची एसएसडी बसवला. प्रोसेसर तोच, रॅम तीच. पुढच्या वेळी बटण दाबल्यावर मावशी सवयीने उठायला लागली, तोवर तिचा फोटो स्क्रीनवर आला. ती परत खाली बसली.

म्हणून २५६ जीबीचा का होईना, एसएसडी घ्या. ५१२ परवडला तर उत्तमच, कारण २५६ मधले विंडोजला दिसतात २३८ आणि त्यातूनच तिची स्वतःची जागा जाते. फोटो-व्हिडिओंचा साठा मोठा असेल तर बाहेरची डिस्क जोडा, बॅकअपही होतो. 'एसएसडी' म्हणून ६४ जीबीची ईएमएमसी (स्वस्तातली, संथ साठवणीची चिप) खपवली जाते तिच्यापासून सावध राहा. विंडोज ११ची किमान अटच ६४ जीबी आहे, पहिल्याच मोठ्या अपडेटला जागा संपते. एनव्हीएमई की साटा (एसएसडी जोडण्याच्या दोन पद्धती, पहिली जास्त वेगवान) यावर मात्र डोकं शिणवू नका. कागदावर ३,५०० आणि ५५० एमबी प्रतिसेकंद एवढं अंतर असलं तरी रोजच्या कामात ते क्वचितच जाणवतं.

"रॅम आठ पुरे, नंतर वाढवता येते." या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हे. प्रोसेसरवर जास्त पैसे गेले तर पैसेच जातात. इथे चुकलात तर चूक दुरुस्तच होत नाही.

आजच्या पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. काढता येत नाही, घालता येत नाही. माहितीपत्रकात 'ऑनबोर्ड' किंवा 'सोल्डर्ड' लिहिलेलं असतं, आणि रॅमच्या प्रकारापुढे एलपीडीडीआर असं लिहिलेलं असेल तर ती जवळजवळ नेहमीच सोल्डर केलेली असते. समोर लॅपटॉप असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. 'फॉर्म फॅक्टर'पुढे 'एसओडिम' दिसलं तर रॅम काढता-घालता येणारी आहे. 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर ती बोर्डला चिकटलेली आहे. शेजारीच 'स्लॉट्स यूज्ड'ची, म्हणजे रॅमच्या किती खाचा भरल्या आहेत त्याची, ओळ असते. काही मॉडेलांत अर्धी रॅम सोल्डर केलेली आणि एक स्लॉट मोकळा असाही प्रकार असतो, त्यामुळे अंदाजावर राहू नका, मॉडेलचं माहितीपत्रक वाचा.

आठ जीबी पुरतात का? आज, एका वेळी एकच काम केलं तर पुरतात. पण त्यातला वाटा आधी विंडोज घेते, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की चित्र दाखवायलाही त्याच रॅममधून जागा जाते. मग ब्राउझरचे पंधरा टॅब उघडे, त्यात व्हिडिओ कॉल सुरू, आणि कुणी म्हणालं "ती शीट शेअर कर", की रॅम भरते. भरली की विंडोज जास्तीचा माल एसएसडीवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. तुम्हाला दिसतं ते एवढंच की माऊस अडखळला आणि तुमचा आवाज तुटला. कंपन्यांनी स्वतः रेषा कुठे ओढली तेही बघा: मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये कोपायलट प्लस पीसी या आपल्या एआयवाल्या संगणकांच्या श्रेणीसाठी किमान १६ जीबीची अट घातली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲपलने मॅकबुक एअरची सुरुवातच १६ जीबीपासून केली.

तेव्हा हिशेब असा: रॅम वाढवता येणार नसेल तर आय-फाइव्ह सोडून आय-थ्री घ्यावा लागला तरी चालेल, पण १६ जीबी घ्या. मोकळा स्लॉट असेल तर मात्र मेसेजवाल्याचं म्हणणं मला मान्य आहे. आज आठ घ्या, पुढे आणखी आठची पट्टी टाका. दोन पट्ट्यांचा आणखी एक फायदा. इंटेलच्या ११व्या-१२व्या जनरेशनच्या ज्या प्रोसेसरमध्ये आयरिस एक्सई नावाचं अंगचं ग्राफिक्स असतं, तिथे एकच पट्टी असेल तर ते नुसतं 'यूएचडी ग्राफिक्स' म्हणून दिसतं आणि संथही चालतं. दुसरी पट्टी पडली की खरं नाव आणि खरा वेग परत येतो.

ग्राफिक्स कार्डाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मावशीचं ते दोन जीबीचं कार्ड तिच्या कुठल्याही कामाला कधी लागलं नाही. सिनेमा उलगडून दाखवण्याचं काम प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स करतं. हे छोटं कार्ड मोठ्या गेमला पुरत नाही आणि बाकी कशाला लागत नाही. त्याची किंमत, वजन आणि उष्णता मात्र तुम्हालाच सोसायची.

स्क्रीनबद्दल जास्त कळकळीने सांगते, कारण रोज तासन्‌तास डोळे तिच्यावर असतात आणि ती नंतर बदलणं सोपं नाही. 'फुल एचडी' हा फक्त ठिपक्यांचा हिशेब आहे: १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार. त्याखालच्या १३६६ गुणिले ७६८ पेक्षा जवळपास दुप्पट, म्हणून फुल एचडी हवंच, तेवढं बरोबर. पण उजेड किती, रंग कसे, तिरकं पाहिल्यावर काय दिसतं, यातलं काहीच तो शब्द सांगत नाही. स्वस्तातली टीएन पॅनलची स्क्रीन थोडी मागे कलवली की चेहरे काळवंडतात. आयपीएस प्रकारच्या पॅनलमध्ये तसं होत नाही. आयपीएस असूनही '४५ टक्के एनटीएससी' (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) लिहिलेलं असेल तर लाल रंग विटकरी दिसेल. फोटो बघणाऱ्याला हे खटकतं, फक्त कागदपत्रं वाचणाऱ्याला नाही. उजेड २५० निट्सपेक्षा (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) कमी नको, खिडकीजवळ बसणार असाल तर ३०० बघा. घेण्याआधी एक कोरं पांढरं पान उघडा, स्क्रीन पुढे-मागे कलवा, बाजूने बघा. त्याच पानावर दोन-चार ओळी टाइप करून कीबोर्डही बघून घ्या.

बॅटरीबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. 'दहा तास' वगैरे जाहिरातीतलं सोडा, वॅट-तास, म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते ते, बघा. हलक्या कामाला लॅपटॉप साधारण सात वॅट खातो असं धरलं तर ४२ वॅट-तासांची बॅटरी सहा तास चालेल.

राहिला वापरलेला लॅपटॉप. सरसकट 'घेऊ नका' म्हणणं हा कमी बजेटवाल्यावर अन्याय आहे. मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांना दिलेले लॅपटॉप काही वर्षांनी एकदम बदलतात, आणि ती यंत्रं मुळात दणकट बांधणीची, सहज उघडता येणारी असतात. २०१८च्या थिंकपॅड टी४८० मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत, आणि दोन बॅटऱ्यांपैकी एक तर स्क्रू न काढता बदलता येते. त्याच पैशातल्या नव्या, दोन कोअरच्या, सोल्डर केलेल्या चार जीबीच्या लॅपटॉपपेक्षा असं यंत्र मी डोळे मिटून घेईन. डोळे उघडायचे ते दोन ठिकाणी. प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत आहे ना ते बघा, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा. आणि विक्रेत्याला विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून दाखवायला सांगा. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे असतात. पहिला ५०,००० आणि दुसरा ३०,००० असेल तर बॅटरीचा चाळीस टक्के जीव गेलेला आहे. तेव्हा नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागा.