आर्क्टिक परिषदेचे काजळी-उद्दिष्ट भारताला बंधनकारक नाही

इंदूरच्या मराठी मंडळांच्या समूहांत सध्या असा संदेश फिरत आहे की, काजळीमुळे बर्फ वितळतो म्हणून भारताने आर्क्टिक परिषदेशी, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतालच्या आठ देशांच्या मंचाशी, काजळी एक तृतीयांशाने घटवण्याचा करार केला असून त्याखातर शहरातल्या लाकडी-कोळशाच्या भट्ट्या बंद होणार आहेत. हे खरे नाही. परिषदेने 2017 मध्ये ठरवलेले उद्दिष्ट, म्हणजे 2013 च्या पातळीपेक्षा काजळीचे उत्सर्जन 2025 पर्यंत 25 ते 33 टक्क्यांनी कमी करणे, हे आठ सदस्य राष्ट्रांनी मिळून स्वीकारलेले आणि कायद्याने बंधनकारक नसलेले उद्दिष्ट होते. 2013 पासून केवळ निरीक्षक असलेल्या भारताकडून फार तर ऐच्छिक अहवालाची अपेक्षा असते.

मात्र संदेशातील एक गोष्ट योग्य आहे, आणि ती हसण्यावारी नेऊ नये : हवेत जेमतेम काही दिवस टिकणारी काजळी बर्फावर बसली की तो ऊन परावर्तित करण्याऐवजी शोषतो व लवकर वितळतो. इंदूरच्याच देवगुराडियाचा, दररोज 550 टन ओला कचरा हाताळण्याच्या क्षमतेचा बायो-सीएनजी (कचऱ्यापासून इंधन वायू) प्रकल्प कचऱ्यातून सुटणारा, हवामान तापवणारा मिथेन वायू रोखतो, पण तोही अशा कोणत्या करारामुळे उभा राहिलेला नाही. मिथेन 30 टक्क्यांनी घटवण्याच्या 2021 च्या जागतिक प्रतिज्ञेत तर भारत सामीलच झालेला नाही.